रात्रपाळीतील परिचारिका : कार्यकौशल्ये आणि प्रशिक्षणाची निकड



रुग्णालय म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम डॉक्टर उभे राहतात. ते स्वाभाविकही आहे. रोगाचे निदान आणि उपचारांची दिशा ही त्यांचीच जबाबदारी होय. परंतु डॉक्टर एका रुग्णाच्या खाटेजवळ दिवसातून काही मिनिटे असतात. परिचारिका मात्र पाळीपाळीने चोवीस तास असते. सांगितलेले औषध वेळेवर पोटात जाणे, जखम स्वच्छ राहणे, ताप मोजला जाणे आणि प्रकृतीतील बिघाड वेळीच लक्षात येणे हे सारे तिच्यावर अवलंबून असते. म्हणूनच परिचारिकेच्या अंगी कोणती कार्यकौशल्ये हवीत आणि ती टिकविण्यासाठी कोणते प्रशिक्षण हवे, हा विषय केवळ आरोग्य खात्यापुरता राहत नाही. ज्या ज्या गावातून रुग्ण रुग्णालयात जातो, त्या प्रत्येक गावाचा तो विषय आहे.

या भाषणात ‘परिचारिका’ हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. या व्यवसायातील परिचारक बंधूही त्यात अभिप्रेत आहेत.

एका रात्रीचे उदाहरण

तीस खाटांचे एखादे ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणावे. रात्रीचे दोन वाजले आहेत. सायंकाळी शस्त्रक्रिया करून प्रसूती झालेली एक माता कक्षात आहे. रात्री दहा वाजता तिची नाडी मिनिटाला ८४ होती, आता ती ११६ झाली आहे. रक्तदाब मात्र ११०/७० असा ठीक दिसतो. ती सारखे पाणी मागते आहे, कूस बदलते आहे. उशाशी बसलेली सासू म्हणते, “सिस्टर, हिला झोपच लागत नाही.”

एक परिचारिका रक्तदाब पाहते, तो ठीक असल्याची नोंद तक्त्यावर करते आणि पुढच्या खाटेकडे वळते. दुसरी परिचारिका थांबते. अंतर्गत रक्तस्राव होऊ लागला की तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. प्रथम नाडी वाढते, तहान लागते, अस्वस्थता येते, हे तिला ठाऊक असते. ती चादर बाजूला करून स्राव किती झाला ते पाहते, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की शिथिल ते अजमावते, लघवी किती झाली याचा हिशेब घेते आणि तत्काळ डॉक्टरांना बोलावणे पाठवते. डॉक्टर येईपर्यंत सलाईन, रक्तगट आणि रक्ताची मागणी यांची सिद्धता तिने केलेली असते.

या दोघींचे प्रमाणपत्र एकच, नोंदणी एकाच परिषदेकडील आणि वेतनश्रेणीही एकच. तरीही सकाळी ती माता बाळाला जवळ घेईल की नाही, हे त्या रात्री कामावर दोघींपैकी कोण होती यावर ठरू शकते. या दोघींमधील अंतर म्हणजेच कार्यकौशल्य. ते अंतर नाहीसे करणे हाच प्रशिक्षणाचा एकमेव हेतू असला पाहिजे.

पहिल्या परिचारिकेला दोष देणे सोपे आहे. तिला हे कोणी, केव्हा आणि कसे शिकविले, शिकविल्यानंतर ते तिच्या हातून करवून घेतले का, आणि त्या रात्री तिच्याकडे किती खाटा होत्या, हे प्रश्न विचारणे अधिक अवघड, परंतु अधिक उपयुक्त आहे.

व्यवसायाची जडणघडण

रुग्णसेवा ही दयाबुद्धीने करावयाची गोष्ट आहे, तिला शिक्षणाची गरज नाही, अशी समजूत जगभर दीर्घकाळ होती. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ३८ परिचारिकांसह स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ती खोटी ठरविली. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणाऱ्या रोगांनी अधिक मरतात, हे त्यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले. पुढे १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. निरीक्षण करावे, मोजावे, नोंदवावे आणि त्यावरून कृती ठरवावी ही शिस्त या व्यवसायाच्या पायाशी आहे.

महाराष्ट्रालाही या कार्याची थोर परंपरा लाभली आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली. घरंदाज स्त्रीने परक्या रुग्णाची सेवा करणे समाजाला रुचत नव्हते, अशा काळात हे घडले.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ साली झाला, तर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे परिचर्येच्या पदवी शिक्षणाला राज्यात स्वतंत्र विद्यापीठाचा आधार लाभला. २०२१ साली पदवी अभ्यासक्रमाची क्षमताधारित पद्धतीने फेररचना करण्यात आली. विद्यार्थिनीला काय पाठ आहे यापेक्षा तिला प्रत्यक्ष काय करता येते, यावर त्यात भर आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला.

शिक्षणसंस्थांमधून बाहेर पडणाऱ्या नव्या पिढीला या सुधारणांचा लाभ होईल. परंतु आज कक्षात काम करणाऱ्या हजारो परिचारिका दहा, वीस, पंचवीस वर्षांपूर्वी शिकून आलेल्या आहेत. त्या काळात औषधे बदलली, उपकरणे बदलली, रोगांचे स्वरूपही बदलले. त्यांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विचार म्हणूनच वेगळा करावा लागतो.

पाच मूलभूत कौशल्ये

परिचारिकेच्या कामांची यादी केली तर ती शंभरावर जाईल. तथापि जी प्रत्येक कक्षात, प्रत्येक पाळीत लागतात आणि ज्यांतील चूक जिवावर बेतते, अशी कौशल्ये पाच गटांत मांडता येतात.

पहिले कौशल्य निरीक्षणाचे. तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब यांची नोंद सर्वत्र होते. त्यातील श्वसनाची गती ही प्रकृती बिघडत असल्याची फार लवकर सूचना देणारी खूण आहे. पण सर्वांत दुर्लक्षित खूणही तीच. कोणताही तक्ता उघडून पाहावा. अनेकदा एकाखाली एक सर्व रुग्णांच्या नावापुढे ‘२०’ हाच आकडा दिसतो. घड्याळ हाती धरून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजली असती तर इतकी एकवाक्यता आढळली नसती. मोजणे, मागच्या नोंदीशी ताडून पाहणे आणि फरकाचा अर्थ लावणे या तीन पायऱ्या मिळून निरीक्षण पूर्ण होते.

दुसरे कौशल्य औषधे देण्याचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक परिचारिकेला मुखोद्गत असतात. चूक होते ती घाईत आणि हिशेबात. मधुमेहाच्या रुग्णाला द्यावयाच्या इन्सुलिनचेच पाहावे. एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेल्या कुप्या मिळतात, तशाच १०० एकके असलेल्याही मिळतात. दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या असतात. पहिलीचे टोपण लाल, दुसरीचे नारिंगी. शंभर एककांच्या कुपीतील औषध चाळीसच्या सिरिंजेने मोजले तर रुग्णाला अडीच पट मात्रा जाते आणि साखर एकाएकी घसरून तो बेशुद्ध होऊ शकतो. सलाईनचेही तसेच आहे. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे असेल आणि नळीतून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. हा शालेय अंकगणिताचा प्रश्न आहे. मात्र तो रात्री तीन वाजता, थकलेल्या डोळ्यांनी, अचूक सोडवावा लागतो.

तिसरे कौशल्य संसर्ग रोखण्याचे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, शरीरातील स्रावांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तू हाताळल्यानंतर हात स्वच्छ करावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच प्रसंग आहेत. साबण-पाण्याने त्याला ४० ते ६० सेकंद लागतात, हातांवर चोळावयाच्या द्रावणाने २० ते ३०. रुग्णालयातील कचऱ्याची पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा रंगांनुसार विभागणी २०१६ च्या नियमांनी ठरवून दिली आहे. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हा नियम परिचारिकेच्या स्वतःच्या जीविताशी निगडित आहे. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, ती पिळू नये, विनाविलंब कळवावे आणि डॉक्टरांनी आवश्यक ठरविल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे. रागावतील या भीतीने परिचारिका अशी घटना लपवीत असेल, तर तो दोष प्रशिक्षणाइतकाच कार्यालयीन वातावरणाचाही मानावा लागेल.

चौथे कौशल्य आणीबाणीचा प्रसंग हाताळण्याचे. प्रौढ रुग्णाचे हृदय थांबले तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि ३० दाबांमागे दोन श्वास द्यावेत, ही रीत आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचे पहिले मिनिट मोलाचे असते; बाळ कोरडे करणे, ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा करणे आणि गरज भासल्यास फुगा-मुखवट्याने श्वास देणे हे त्या एका मिनिटात सुरू व्हावे लागते. यासाठीच २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बाळ जन्मताच, पोटात दुसरे बाळ नसल्याची खात्री करून, मातेला एका मिनिटात ऑक्सिटोसिनची दहा एकके स्नायूत दिल्याने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यास मोठे साहाय्य होते. या सर्व गोष्टी पुस्तक उघडून करण्याच्या नाहीत. त्या हातात बसलेल्या असाव्या लागतात.

आगीचा प्रसंगही याच गटात येतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. उभा महाराष्ट्र त्या बातमीने हळहळला. यापासून घ्यावयाचा धडा व्यापक आहे. स्वतः उठू न शकणारे रुग्ण असलेल्या प्रत्येक कक्षात प्राणवायूची झडप कोठे आहे, ती कोणी बंद करावी, कोणाला प्रथम उचलावे, कोणत्या दाराने बाहेर न्यावे आणि अग्निशामक नळकांडे कसे चालवावे, याची तालीम प्रत्येक पाळीतील प्रत्येक कर्मचाऱ्याची झाली पाहिजे. इमारतीची, विजेच्या जोडण्यांची आणि उपकरणांची सुरक्षितता ही मात्र परिचारिकेवर ढकलता येणार नाही.

पाचवे कौशल्य संवादाचे आणि नोंदीचे. पाळी बदलताना ‘सर्व ठीक आहे’ एवढे सांगून भागत नाही. रुग्णाची आताची स्थिती, पूर्वपीठिका, स्वतःचे निरीक्षण आणि पुढे काय करणे आवश्यक आहे, या क्रमाने सांगण्याची सवय लागली की महत्त्वाची बाब सुटत नाही. दूरध्वनीवरून डॉक्टरांना कळवितानाही हाच क्रम उपयोगी पडतो. संवादाची दुसरी बाजू रुग्णाशी आणि नातेवाइकांशी बोलण्याची आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया, नंदुरबारकडील भिली वा पावरी बोलणाऱ्या मातेला प्रमाण मराठीतील सूचना समजेलच असे नाही. तिच्या बोलीतील कळ, ताप, चक्कर, रक्त, दूध अशा पन्नासेक शब्दांची ओळख परिचारिकेला करून देणे हेही प्रशिक्षणच होय. “आजी, गोळी जेवणानंतर घ्यायची हं,” हे वाक्य नीट समजावून सांगण्यास अर्धे मिनिट पुरते. ते न सांगितल्याने रुग्ण पुन्हा दाखल होऊ शकतो.

गरज कशी ओळखावी?

प्रशिक्षणाचे वर्ग भरत नाहीत असे नाही. प्रसूतीच्या कुशल परिचर्येचे २१ दिवसांचे प्रशिक्षण आहे, नवजात शिशूंच्या देखभालीचे आहे, संसर्ग प्रतिबंधाचे आहे. अडचण असते ती गरज आणि वर्ग यांची सांगड घालण्याची. पुष्कळदा वेळापत्रक वरून येते, नावे मागविली जातात आणि ज्यांना पाठविणे सोयीचे अशांची नावे जातात. दिवसपाळीच्या त्याच त्या कर्मचारी वारंवार शिकून येतात. रात्रपाळीची परिचारिका मागेच राहते. एखादी नवजात शिशु कक्षाचे प्रशिक्षण घेऊन परत येते आणि महिन्याभरात तिची नेमणूक बाह्यरुग्ण विभागात होते. शासनाचा खर्च नोंदला जातो, उपस्थितीचा तक्ता भरतो आणि शिशु कक्षात मात्र अप्रशिक्षित हात काम करीत राहतात.

गरज ओळखण्याचा खरा मार्ग खाटेपासून सुरू होतो. कक्षात कोणती कामे होतात, त्यांपैकी कोणती वारंवार होतात आणि कोणत्या कामातील चूक जिवावर बेतते, याची यादी प्रथम करावी. नंतर प्रत्येक काम प्रत्यक्ष कसे केले जाते, हे परिसेविकेने पडताळणी सूचीच्या आधारे पाहावे. मागील सहा महिन्यांतील मृत्यूंचे अन्वेषण, जखमा चिघळल्याच्या नोंदी, औषधांतील चुका आणि नातेवाइकांच्या तक्रारी या सर्वांतून कौशल्यांतील उणिवा दिसू लागतात. आणि परिचारिकांनाही विचारावे. कोणत्या कामाची त्यांना धास्ती वाटते, हे त्यांच्याइतके दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.

उणीव दिसली की तिचे कारण शोधले पाहिजे. ही कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात परिचारिकेला ती गोष्ट माहीतच नसते. तिला शिकवावे लागते. दुसऱ्या प्रकारात ती माहीत असते, पण सराव सुटलेला असतो. तिच्याकडून ती पुन्हा पुन्हा करवून घ्यावी लागते. तिसऱ्या प्रकारात ती माहीत असते, हातही बसलेला असतो, परंतु साधन नसते, पाणी नसते किंवा वेळ नसतो. रक्तदाबमापकाचा पट्टा फाटलेला असेल, हात धुण्याच्या नळाला पाणी येत नसेल, एका परिचारिकेकडे साऱ्या कक्षाची जबाबदारी असेल, तर तेथे कितीही वर्ग घेतले तरी उपयोग नाही. तिसऱ्या प्रकारच्या दुखण्यावर पहिल्या प्रकारचे औषध देणे ही प्रशासनातील फार जुनी सवय आहे. ती सोडल्यावाचून प्रशिक्षणावरील खर्चाचे चीज होणार नाही.

प्रशिक्षणाची पद्धत

व्याख्यानाने माहिती मिळते, कौशल्य येत नाही. पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी नदी पार करीत नाही. प्रथम प्रात्यक्षिक दाखवावे, नंतर शिकणारीने ते पुतळ्यावर करून दाखवावे, चुका तेथल्या तेथे सुधाराव्यात आणि मग देखरेखीखाली रुग्णाजवळ काम द्यावे, हा क्रम सर्वमान्य आहे. परीक्षाही लेखी उत्तरांची नसावी. श्वास देण्याचा फुगा-मुखवटा हाती घेऊन तो योग्य तऱ्हेने वापरता आला, तरच ती परिचारिका उत्तीर्ण समजावी.

शिकलेले कौशल्य न वापरल्यास ओसरते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. हृदय पुन्हा सुरू करण्याच्या कृतीतील सफाई काही महिन्यांतच कमी होऊ लागते. म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या तीन दिवसांच्या वर्गापेक्षा दर आठवड्याला कक्षातच पंधरा मिनिटांचा सराव अधिक फलदायी ठरतो. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांच्या निरंतर शिक्षणाचा पुरस्कार केला. हिशेब केला तर महिन्याला अवघे अडीच तास पडतात. हे अडीच तास कामाच्या वेळेत धरले जावेत. रात्रपाळी संपवून आलेल्या, घरी लहान मूल असलेल्या परिचारिकेला सुट्टीच्या दिवशी वर्गात बसविले, तर ती उपस्थित राहील. शिकेलच असे नाही.

नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेचा विचार स्वतंत्रपणे करावा. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिला एकटीने रात्रपाळी देऊ नये. आणीबाणीच्या औषधांचा ट्रे कोठे आहे, प्राणवायूचे नळकांडे कसे बदलावे, रक्त कोठून मागवावे, कोणत्या डॉक्टरांना कोणत्या क्रमांकावर बोलवावे, या गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात शिकविल्या जात नाहीत, कारण प्रत्येक रुग्णालयात त्या वेगळ्या असतात. अनुभवी परिचारिकेच्या जोडीने काही आठवडे काम केल्यानेच त्या अंगवळणी पडतात.

मनुष्यबळाचा प्रश्न

प्रशिक्षणाचा विचार मनुष्यबळापासून तोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका असून ५९ लाखांची उणीव असल्याचे नमूद केले होते. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने ही उणीव किती जीवघेणी ठरते, हे जगाला दाखविले. अंगभर संरक्षक पोशाख चढवून, तासन्‌तास पाणीही न पिता, नातेवाइकांना प्रवेश नसलेल्या कक्षांत परिचारिकांनी रुग्णांची सेवा केली. कृत्रिम श्वसनयंत्रांची संख्या वाढविता आली. ती चालविण्याची सवय असलेले हात मात्र एका रात्रीत वाढविता आले नाहीत.

सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, हे प्रमाण नियोजनात धरले, तर तीस खाटांना सहा परिचारिका लागतात. आकडा पुरेसा वाटतो. पण दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे प्रत्येक पाळीला दोघी. त्यातून साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण आणि बाळंतपण वजा केले की रात्री एकटीच उरते. त्या एकटीला वर्गाला पाठवावे तर कक्ष कोणी सांभाळावा? रजेसाठी राखीव पदे मंजूर असणे आणि ती प्रत्यक्ष भरलेली असणे, ही म्हणूनच प्रशिक्षणाचीही पूर्वअट आहे.

प्रत्येकाचा वाटा

या कार्यात उपस्थितांपैकी प्रत्येकाचा काही वाटा आहे.

अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाचा आढावा घेताना किती जणींना प्रशिक्षण दिले या आकड्यावर न थांबता, त्यांपैकी किती जणी त्याच कक्षात कार्यरत आहेत आणि किती जणी ते काम सूचीप्रमाणे अचूक करतात, हे विचारावे. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेची बदली निदान काही काळ तरी त्या कक्षाबाहेर करू नये. अधिसेविका आणि परिसेविका यांच्याकडील कागदपत्रांचे ओझे कमी करून त्यांना खाटेजवळ शिकविण्यास मोकळीक द्यावी. चूक प्रांजळपणे कळविणाऱ्या परिचारिकेला शिक्षेपेक्षा मार्गदर्शन मिळेल, असा विश्वास निर्माण करावा.

शिक्षकांचे कार्य याहून आधी सुरू होते. मात्रा आणि थेंब यांचा हिशेब करणारी परिचारिका सहावी-सातवीच्या वर्गात गुणोत्तर व प्रमाण शिकलेली असते. गणिताच्या तासाला असे एखादे उदाहरण घातले, तर मुलांना गणिताचे मोल कळेल आणि या व्यवसायाचाही परिचय होईल. गुणवान मुलींना, तसेच मुलांना, हा मार्ग कमी प्रतीचा वाटू नये, हे पाहणे शिक्षकांच्या हाती आहे.

पंचायतींच्या सदस्यांना रुग्ण कल्याण समितीच्या द्वारे प्रत्यक्ष कार्य करता येते. या समितीच्या बैठकीत इमारतीच्या रंगाइतकीच रक्तदाबमापकाच्या पट्ट्याची, हात धुण्याच्या नळाची, सरावासाठी लागणाऱ्या पुतळ्याची आणि रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी सुरक्षित विश्रांतिगृहाची चर्चा व्हावी. निवासस्थानापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे की नाही, ही बाब क्षुल्लक नाही. रात्री बारा वाजता त्या वाटेने परिचारिकेला एकटीने यावे लागते. गावातील रुग्णासोबत दहा-वीस माणसे जाऊन कक्षात गर्दी करीत असतील, आवाज चढवीत असतील, तर त्यांना आवरण्याचे कर्तव्यही लोकप्रतिनिधींचेच आहे. घाबरलेल्या परिचारिकेकडून अचूक हिशेबाची अपेक्षा करता येत नाही.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. पुष्पगुच्छ दिले जातात, त्यागाचा आणि सेवाभावाचा गौरव होतो. तो उचितच आहे. परंतु सेवाभाव कितीही उत्कट असला तरी त्याने सलाईनच्या थेंबांचा हिशेब सुटत नाही आणि गर्भाशयाची शिथिलता हाताला कळत नाही. ते शिकावे लागते, शिकविणारे असावे लागते आणि शिकण्यासाठी वेळ असावा लागतो.

त्या तीस खाटांच्या रुग्णालयात आज रात्रीही दोन वाजतील. एखादी माता पाणी मागेल, कूस बदलेल, तिची सासू सिस्टरला हाक मारील. हाकेला ओ देऊन येणारी परिचारिका नाडीवर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजेल, मागची नोंद पाहील आणि चादर बाजूला करील, याची हमी तिच्या एकटीच्या निष्ठेवर सोडून चालणार नाही. ती हमी देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.